घराकडे वळवलेले आठ कर्णे

दोन ताल नावाच्या गावात काहीही घडलं, कोणाच्या बाळाचं जावळ असो, लग्न असो, कोणी गेलेलं असो, की ती बातमी आधी लुंग प्लेंगच्या कर्ण्यांतून शेतांवर पसरायची आणि मगच माणसांच्या तोंडी यायची. लुंग म्हणजे थोरला काका. प्लेंग एकसष्ट वर्षांचा होता, पण त्याच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायाही त्याला लुंगच म्हणत, कारण ज्याच्या हातात अख्ख्या गावाचा आवाज आहे त्याला नुसत्या नावाने हाक मारायची कशी? बाकी माणूस अगदीच किरकोळ. हाडं आणि त्यावर विजार. बोटांच्या टोकांवर सोल्डरिंगचे चटके, खिशात दोन स्क्रू आणि एखादी सुपारी.

अँप्लिफायर तो स्वतः बांधायचा. विकतचा एकही नाही. पत्र्याची पेटी ठोकायची, तिला भोकं पाडायची, त्यात जुन्या रेडिओत असतात तसे काचेचे व्हॉल्व्ह उभे करायचे. व्हॉल्व्ह सगळे जुने. अमेरिकी सैन्य परत गेलं तेव्हा तळांवरच्या भंगारातून बाजारात आलेले. त्यांच्या डोक्यावर धातूची टोपी असते आणि त्या टोपीत सहाशे व्होल्ट खेळत असतात. एकदा त्या टोपीला हात लागून प्लेंग उडाला तो थेट भाताच्या कणगीवर जाऊन पडला. उठला आणि म्हणाला, "चांगला आहे, जिवंत आहे." लोकांना वाटलं स्वतःबद्दल बोलतोय. तो व्हॉल्व्हबद्दल बोलत होता.

ही विद्या त्याला सुफानच्या बाजारातल्या लिम नावाच्या चिनी म्हाताऱ्याने दिली. लिमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि प्लेंग तिथे सात वर्षं राबला. पुढे सगळीकडे ट्रान्झिस्टर आले, शहरातून स्पीकरच्या माणसाएवढ्या लाकडी पेट्या भाड्याने मिळू लागल्या, त्यात ढोल वाजला की छाती हादरायची. प्लेंग ढिम्म हलला नाही. त्याचं म्हणणं एकच होतं. "पेटीत ढोल वाजतो, कर्ण्यात माणूस बोलतो. आणि ट्रान्झिस्टरचं काय सांगता, तो न तापता बोलतो. जो न तापता बोलतो त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

पण प्लेंगची गोष्ट सांगायची तर निम्मी गोष्ट त्याच्या बायकोची, लमूनची सांगावी लागते. गावाची पा लमून, म्हणजे मोठी मावशी. अँप्लिफायरमधलं सगळ्यात किचकट काम म्हणजे ट्रान्सफॉर्मर. केसासारखी तार लाकडी चाकावर हजारो वेटोळ्यांनी गुंडाळायची, प्रत्येक थरामध्ये मेणकागद घालायचा, आणि एकही वेटोळं चुकवायचं नाही. प्लेंग चाक फिरवायचा आणि लमून समोर बसून मोजायची. मोजता मोजता ती भाजी निवडायची, मिरच्या कांडायची, शेजारणीशी भांडायचीसुद्धा, पण आकडा कधी सुटला नाही. सुटला तो एकदाच. एक हजार चारशे बारावर ती थांबली. प्लेंग म्हणाला, "पुढे?" ती म्हणाली, "मला दिवस गेलेत." चाक किती वेळ फिरत राहिलं ते दोघांनाही कळलं नाही. तो ट्रान्सफॉर्मर कायमचा बिघडला. प्लेंग तो तोडून तार परत वापरणार होता, पण लमूनने हात धरला. "खबरदार. साम्रितचा थोरला भाऊ आहे तो." साम्रित हे नाव तिने त्याच क्षणी ठरवलं होतं म्हणे. तेव्हापासून तो ट्रान्सफॉर्मर घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेला असायचा, आणि लहानपणी साम्रित त्याला रोज एकदा लाथ मारायचा, भाऊ असल्यासारखीच.

दुसरं काम लमून करायची ते याहून मोठं. प्लेंगचं घर गावच्या बौद्ध विहारापासून दीड किलोमीटरवर, नैऋत्येला, भाताच्या शेतांच्या मधोमध. मध्ये ना झाड, ना घर. विहारात कर्णे चढवले की प्लेंग माइकवर "एक, दोन, तीन" म्हणायचा आणि लमून घरी ऐकायची. आवाज पोचणं वेगळं आणि शब्द पोचणं वेगळं, हे तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. ओटीवर उंच बांबू होता, त्याला आडवी काठी आणि दोरी. शब्द स्वच्छ आला तर ती पांढरी चादर वर ओढायची. आवाज कानाला झोंबला, स आणि श सुरीसारखे कापू लागले, तर लाल लुंगी. लाल म्हणजे तिखट झालं, पांढरं म्हणजे भातासारखं मऊ. प्लेंगच्या पेटीवर आवाजाचा कर्कशपणा वाढवायचं जे बटण होतं त्याच्याखाली तिने नखाच्या लाल रंगाने एक मिरची काढून ठेवली होती. लाल लुंगी दिसली की प्लेंग मिरची कमी करायचा. पांढरी चादर दिसली की घाम पुसायचा. तीस वर्षं हे असं चाललं होतं आणि गावाला वाटायचं प्लेंगचा कान फार तयार आहे.

प्लेंगचा कान कधीच गेला होता. आठ कर्ण्यांच्या खाली ज्याची हयात गेली त्याचा कान राहतो कशाला? जाड आवाज ऐकू यायचे, बारीक आवाज हळूहळू नाहीसे झाले. एकदा दिवेलागणीला दोघं ओटीवर बसली होती. प्लेंग म्हणाला, "हल्ली रातकिडे राहिले नाहीत. शेतात औषधं मारून मारून संपवले लोकांनी." त्या वेळी चहूबाजूंनी रातकिड्यांनी असा कल्ला मांडला होता की लमूनला नवऱ्याचं बोलणंही नीट ऐकू येत नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो ना. गेले बिचारे." त्यानंतर लाल लुंगी जास्त वेळा वर जाऊ लागली, एवढंच.

गावातही सगळ्यांना हळूहळू कळलं होतं. लमून माहेरी गेली असेल आणि नेमका त्याच दिवशी एखादा समारंभ असेल, तर कर्णे असे किंचाळायचे की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कानात कापूस घालून बसायच्या. पण प्लेंगला कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे भीड फार. समोरच्याला वाईट वाटेल असं तोंडावर बोलायचं म्हणजे आमच्या लोकांच्या जिवावर येतं. जेवण खारट झालं तरी वा वा म्हणतील आणि घरी जाऊन घागरभर पाणी पितील. अशा गावात ज्याला खरं सांगणारं एक माणूस मिळालं तो नशीबवान, आणि प्लेंगने तर त्या माणसाशी लग्नच केलं होतं.

तर ही लमून, त्या वर्षी सोंगक्रानच्या, म्हणजे एप्रिलातल्या नववर्षाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, पाण्याच्या रांजणापाशी कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळात बारा दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं, महिनाभर हलवू नका म्हणाले. तिला ऐकू येतं का, कळतं का, असं प्लेंगने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी खांदे उडवले. लमूनच्या बहिणीची मुलगी रंफा तिच्या उशापायथ्याला राहायला आली. अठ्ठावीस वर्षांची, कामाला वाघीण, मनाने लोणी. दिवसातून चारदा पेज भरवायची, अंग पुसायची, आणि मागल्या दाराशी जाऊन रडायची. येणारे जाणारे लमूनसमोरच बोलायचे, "बिचारी, आता तिला काय कळतंय." लमून छताकडे बघत पडलेली असायची. डावा हात तेवढा चटईवर कधीमधी हलायचा.

आणि पुढच्याच महिन्यात साम्रितची दीक्षा होती. साम्रित समुद्राकडच्या एका कारखान्यात कामाला होता. पंधरा दिवसांची रजा मोठ्या मुश्किलीने मिळाली होती, ती मागेपुढे होणार नव्हती. मुलगा थोडे दिवस का होईना भिक्षू होतो तेव्हा त्याच्या पुण्यातला मोठा वाटा आईचा असतो. दीक्षेच्या आदल्या दुपारी त्याचं मुंडण करून, पांढरे कपडे घालून बसवतात आणि त्याचा ख्वान, म्हणजे अंगात वावरणारा जीव, गाऊन गाऊन बोलावतात. हे गाणं असतं सगळं आईचं. ते ऐकायला आई समोर बसलेली असते. लमूनने पोराच्या जन्मापासून या दुपारची वाट पाहिली होती. त्या दिवशी नेसायचं जांभळं रेशमी वस्त्र ट्रंकेत अकरा वर्षं घडी घालून ठेवलं होतं.

गावातल्या तीन मुलांची दीक्षा एकत्र होती, त्यामुळे सगळं विहारातच व्हायचं होतं. लमूनला तिथे न्यायचं तर कालवा कोरडा, होडी चालायची नाही, आणि बांधावर एका माणसाचं पाऊल जेमतेम मावायचं. प्लेंग मठाधिपतींकडे गेला. त्यांना सगळे लुआंगफो म्हणत, म्हणजे बाबा.

"लुआंगफो, माझे कर्णे लावायची परवानगी द्या."

"अरे, सरपंचाने शहरातून पेट्या मागवल्या आहेत की. तुला तर या वेळी मुलाचा बाप म्हणून नुसतं मिरवायचं आहे. बस की जरा."

"पेट्यांचा आवाज विहाराच्या कुंपणापाशी बसतो. मला तो घरी पोचवायचा आहे."

लुआंगफोंनी शेतांकडे नजर टाकली. "वारा तुमच्या घराकडून येतो ना रे या दिवसांत?"

"समोरूनच येतो. म्हणून तर नवीन अँप्लिफायर बांधायला हवा. जुन्या पेटीचं काम नाही."

"प्लेंग, आणि ती..."

"तिला कळतं, बाबा."

"लाव तू. कर्णे कुठे वळवायचे ते तू बघ. कोणी काही बोललं तर माझं नाव सांग."

अठरा दिवस होते. प्लेंगने सगळं सामान लमूनच्या बिछान्याशेजारी मांडलं. पत्रा ठोकायला तेवढा अंगणात जायचा, कारण ठोकाठोकीने ती दचकायची. ठेवणीतले सगळ्यात चांगले चार व्हॉल्व्ह काढले, एकेक कापडाने पुसून तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हा आठवतो? कोराटच्या बाजारातला. तू म्हणालीस, फुटका घेतोयस, आणि निघाला सगळ्यात दणकट." लमून छताकडे बघत होती.

मग ट्रान्सफॉर्मर. प्लेंग तिच्यासमोर चाक घेऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मोजू लागला. तीनशेच्या आसपास आकडा सुटला. तार उलगडली, परत सुरुवात. सहाशेला शेजारी काही मागायला आला, परत सुटला. तिसऱ्या वेळी मोजताना त्याला दिसलं की लमूनच्या डाव्या हाताचं बोट चटईवर हलतंय. चाकाचा एक फेरा, बोटाचा एक टोला.

"रंफा! ए रंफा! बघ, मोजतेय ती!"

रंफा ओले हात पुसत आली. बराच वेळ बघत राहिली. बोट हललं, थांबलं, दोनदा हललं, मग नुसतंच पडून राहिलं.

"लुंग," ती हळूच म्हणाली, "माशी हाकलतेय हो ती."

"माशी कुठाय?"

"आत्ता होती."

प्लेंगने फक्त चाक थोडं तिच्या जवळ सरकवलं. त्या वेळी मात्र आकडा शेवटपर्यंत सुटला नाही. आता तो त्याने मोजला की आणखी कोणी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दीक्षेच्या दोन दिवस आधी त्याने रंफाला बसवून समजावलं. लमूनचा बिछाना विहाराकडच्या खिडकीशी लावायचा. पांढरी चादर आणि लाल लुंगी दोन्ही तिच्या डाव्या हाताशी ठेवायच्या. ती ज्याला हात लावेल ते वर चढवायचं.

"आणि तिने कशालाच हात नाही लावला तर?"

"तर काही चढवू नको."

"लुंग, तुम्ही तिथे बघत राहाल आणि बांबू मोकळाच..."

"मोकळा तर मोकळा. पण माझ्या समाधानासाठी काही चढवायचं नाही. शपथ घे."

रंफाने मान हलवली. कसली शपथ आणि कसलं काय. मनाने लोणी असलेल्या माणसाकडून शपथा घेऊ नयेत.

ख्वान बोलावण्याच्या दिवशी सकाळी प्लेंगने विहाराच्या कडेच्या चिंचेखाली ठाण मांडलं. नेहमीपेक्षा पंधरा फूट उंच बांबू उभारला. समोरच्या वाऱ्यात आवाज वर उचलला जातो आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जातो, म्हणून कर्णे उंच हवेत, आणि तोंडं जराशी खाली. आठही कर्ण्यांची तोंडं एकाच दिशेला, नैऋत्येला. एरवी ते चार दिशांना फुलासारखे उमललेले असायचे. लोक येता जाता माना वर करून बघू लागले.

"काय लुंग, अख्ख्या गावाला पाठ दाखवून हे आठ जण कुठे बघतायत?"

"मालकिणीकडे," प्लेंग म्हणाला आणि तार खेचत राहिला.

शहरातून आलेल्या पेट्यांबरोबर चेट नावाचा काळ्या चष्म्यातला इसम होता. त्याने प्लेंगची पेटी वाकून पाहिली. "लुंग, तुमची ही चूल पेटली की सांगा, चार अंडी उकडायला ठेवतो."

"ठेव की. तुझ्या पेट्यांवर तर गार भात कोमटसुद्धा होणार नाही."

दुपारी दोनला सभामंडप भरला. तीन मुलं पांढऱ्या कपड्यांत, गोटा केलेली डोकी खाली घालून बसली होती. समोर दोघांच्या आया नटून थटून, रुमाल हातात धरून तयार. साम्रितसमोर एक रिकामी चटई, तिच्यावर जांभळ्या रेशमाची घडी. साम्रित त्या घडीकडे बघायचं टाळत होता. ख्वान बोलावणारे म्हणजे मो जेम, सत्तरीचे, गळा अजून तासलेल्या बांबूसारखा सरळ. त्यांनी प्लेंगकडे पाहून मान हलवली. प्लेंगने पेटीपुढे झेंडूची माळ, उदबत्ती आणि पेलाभर दारू ठेवून लिम म्हाताऱ्याला हात जोडले. गुरूला दिल्याशिवाय पेटी बोलत नाही, आणि लिमला फुलांपेक्षा दारूच प्रिय होती. मग त्याने कळ दाबली.

व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं. आधी आत लाल ठिणगी दिसते, मग ती पसरते, मग काचेच्या कडेला निळसर झाक येते. तोपर्यंत कर्णे मुके. प्लेंगने मान वर करून शेतांपलीकडे घराकडे पाहिलं. कान गेले होते तरी डोळे घारीचे होते.

बांबूवर पांढरी चादर चढलेली होती.

अजून कर्ण्यातून चकार शब्द निघाला नव्हता. माइक बंद होता. आणि तिकडे चादर वाऱ्यावर फडफडत सांगत होती की छान ऐकू येतंय, अगदी स्वच्छ. प्लेंग बघतच राहिला. त्याला रंफाचा राग आला नाही. तिचं काय चुकलं? म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून पोरीने घाईघाईने चढवली असणार. पण याचा अर्थ लमूनने कशालाही हात लावला नव्हता. रंफाने तिची वाटही पाहिली नव्हती, कारण वाट बघण्यासारखं तिथे काही उरलेलंच नव्हतं. हे रंफाला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, गावाला माहीत होतं. एकटा प्लेंगच काय तो अठरा दिवस माशी हाकलणाऱ्या बोटाकडून वेटोळी मोजून घेत बसला होता.

"लुंग, लावताय ना?" चेट म्हणाला.

प्लेंगने माइकची तार जोडली. मो जेमनी सुरू केलं.

आईच्या पोटात हा कसा आला इथून ते सुरू करतात. तिने तिखट सोडलं, आंबट सोडलं, कुशीवर वळताना श्वास रोखला. नऊ महिने झाले, कळा आल्या, ती कोणाकोणाच्या नावाने ओरडली. मग पहिलं दूध. मग पहिला ताप, आणि रात्रभर ओल्या फडक्याने पुसलेलं कपाळ. मो जेम एकेक गोष्ट आळवून सांगत होते आणि दोघी आया रुमालाने डोळे पुसत होत्या. साम्रितचे खांदे हलत होते. त्याच्यासमोर नुसती रेशमाची घडी. मंडपातल्या पेट्यांतून आवाज सगळ्यांपर्यंत जात होता, आणि वर आठ कर्णे तोच आवाज घेऊन एका म्हातारीच्या खिडकीकडे ओरडत होते. प्लेंगच्या कानाला आवाज मऊ वाटला, जरा जास्तच मऊ, म्हणून त्याने मिरची थोडी वाढवली. समोरचा वारा आहे, शब्दाला धार हवी. मागे बसलेल्या एका म्हातारीने गुपचूप कानात कापूस सरकवला. बोललं कोणी नाही.

अर्धा तास गेला. प्लेंगने घराकडे बघायचं सोडून दिलं होतं. खोट्या चादरीकडे काय बघायचं? तरीही मान वळलीच.

चादर खाली येत होती.

बांबू मोकळा झाला. प्लेंग उठून उभा राहिला. काय झालं? रंफाने चादर का उतरवली? अशा घरात, अशा वेळी, भरदुपारी पांढरी चादर खाली घेतली जाते ती कशासाठी? त्याच्या डोळ्यांपुढे नको ते आलं. दीड किलोमीटर. धावत गेलं तरी पाव तास. त्याने पेटीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, परत घराकडे पाहिलं. पाय निघेना आणि जागेवर राहवेना. देवा, एवढी गोष्ट तिला संपूर्ण ऐकू दे, मग काय करायचं ते कर, असं तो मनात म्हणाला, आणि लगेच स्वतःलाच रागावला, की नको, मग सुद्धा काही करू नकोस.

आणि बांबूवर लाल लुंगी चढली.

प्लेंगने डोळे चोळले. लालच. वाऱ्याने पोट फुगवलेली, मिरचीसारखी लाल.

"तिखट झालंय!" प्लेंग ओरडला.

चेट दचकला. "काय झालं लुंग?"

"तिखट झालंय! तिला तिखट लागतंय! अरे, तिखट लागतंय तिला!" तो हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चेटला वाटलं म्हाताऱ्याला शॉक बसला.

पांढरी चादर कोणीही चढवेल. पांढऱ्यासाठी नुसती माया पुरते. पण मो जेमचा स कापतोय, बटण जास्त फिरलंय, हे रंफाला कळणं शक्य नव्हतं आणि कळलं असतं तरी भिडेपायी तिने सांगितलं नसतं. या जगात प्लेंगला हे सांगणारी एकच बाई होती.

त्याने मिरची थोडी उतरवली. लाल तशीच. आणखी उतरवली. लाल तशीच. "हो गं बाई, हो," तो पुटपुटला आणि आणखी पाव फेरा मागे घेतला. आता त्याला स्वतःला मो जेमचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटत होता. मागच्या म्हातारीने कानातला कापूस काढला आणि आश्चर्याने वर पाहिलं. शेतापलीकडे लाल लुंगी हळूहळू उतरली, आणि तिच्या जागी पांढरी चादर वर गेली.

प्लेंगने मंडपात जाऊन मुलाच्या कानात सांगितलं, "तुझी आई ऐकतेय. तिने आत्ताच मला रागे भरलं." साम्रितने मान वर केली, रेशमाच्या घडीकडे पाहिलं, आणि तिच्यापुढे डोकं टेकवलं.

संध्याकाळी प्लेंग घरी पोचला तेव्हा रंफा ओटीवरच बसली होती. तिची नेसूची लुंगी मांडीपाशी हातभर फाटलेली होती. त्याला पाहून ती रडायलाच लागली.

"लुंग, मी शपथ मोडली. तुम्ही कळ दाबायच्या आधीच मी पांढरी चढवली. मला वाटलं, निदान तुम्हाला तरी..."

"दिसलं मला."

"मग गाणं सुरू झालं. मी इथे पायऱ्यांशी रडत बसले होते. आत गेले तर पा असं तोंड करून पडलेली, चिंच चावल्यासारखं. मी विचारलं, दुखतंय का? तर तिने डाव्या हाताने माझी लुंगी धरली. सोडेचना! मी घाबरले. ओढते तर ही आणखी ओढते. शेवटी फाटली. मग तिने लाल कापड ढकललं माझ्याकडे. तरी मला काही उमजेना, मी चादर उतरवून इथे वेड्यासारखी उभी. तर आतून तिने भिंतीवर हात आपटला."

"आपटला?"

"दोनदा. आधी कशी आपटायची, मी कामात हयगय केली की, अगदी तसा. मग मी लाल चढवली, आणि पुढे आवाज मऊ झाला तेव्हा तिने स्वतःच पांढऱ्या चादरीवर हात ठेवला."

प्लेंग आत गेला. लमून खिडकीकडे तोंड करून पडली होती. तो तिच्या डाव्या हाताशी बसला. तिच्यासाठी तो विहारातून नारळाच्या दुधातली केळी घेऊन आला होता. त्याने एक केळं चमच्याने कुस्करून तिला भरवलं. तिने सावकाश गिळलं. हनुवटीवर सांडलेलं त्याने आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसलं.

"फार कर्कश होतं का गं?"

लमूनने डोळे मिटून उघडले.

"तीन वेळा कमी करायला लावलंस. लिम म्हाताऱ्यानेसुद्धा मला एवढं छळलं नाही."

तिच्या तोंडाचा डावा कोपरा जरासा वर गेला. बाहेर अंधारून येत होतं. दाराशी साम्रितचा थोरला भाऊ दार अडवून बसला होता. शेतावरून वारा येत होता, आणि प्लेंगला तो नुसता वाराच ऐकू येत होता. तो बराच वेळ कानोसा घेत राहिला. मग त्याने तिचा हात हातात घेतला.

"लमून, एक विचारू? खरं सांग. बाहेर रातकिडे ओरडतायत का गं?"

लमून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने त्याचा हात एकदा घट्ट दाबला.

"खूप?"

तिने परत दाबला.

"बरं झालं," प्लेंग म्हणाला. "मला वाटलं होतं, मेले सगळे."